घरचं कार्य आणि काळा टाय

आमच्या घराण्यात कुणाचं लग्न ठरलं की पहिला फोन मला येतो, अशी माझी समजूत आहे. हिचं म्हणणं असं की पहिला फोन कार्यालयाला जातो, दुसरा केटररला, तिसरा गुरुजींना, आणि हे तिघेही उचलत नाहीत तेव्हा तो मला येतो. असो. पण तीनशे पानांना मसालेभाताचा तांदूळ किती लागतो, मठ्ठा किती आंबट असला म्हणजे लोक दुसऱ्यांदा मागत नाहीत, वरपक्षाच्या खोलीत आरसा एक ठेवला तर भांडणं किती आणि दोन ठेवले तर किती, रुखवतातल्या चकल्या कुठल्या कोपऱ्यात मांडल्या म्हणजे सीमांतपूजनापर्यंत टिकतात, हे सगळं ज्ञान माझ्यापाशी आहे आणि ते मी न मागता देतो. त्यामुळे लेकीने अमेरिकेतून फोन करून, "बाबा, संध्याकाळचं लग्न ब्लॅक टाय आहे," असं सांगितलं तेव्हा मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "टायची काळजी सोड," म्हटलं. "टाय मी आणतो."

आणले.

दादरला जाऊन आमच्या बाजूच्या झाडून सगळ्या पुरुषांना पुरतील एवढे लांब, काळे, चकचकीत टाय घाऊक भावात उचलले, आयत्या वेळी कुणी उगवलाच तर असावेत म्हणून वर थोडे जास्तीचे घेतले, दुकानदाराने "शाळा कुठली?" म्हणून विचारलं त्याकडे काणाडोळा केला, आणि घरी येऊन एकेक टाय पाकिटात घालून, पाकिटाला हळदीकुंकवाचं बोट लावून नाशिक, सांगली, बडोदा अशी सगळीकडे कुरियरने रवानगी करून टाकली. रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ब्लॅक टाय म्हणजे नुसता काळा टाय नव्हे, तो अख्खा पोशाख असतो. कोटाच्या कॉलरला सॅटिन, पँटच्या बाजूने खालपर्यंत सॅटिनचीच पट्टी, पट्ट्याला जागाच नाही, कंबरेला कमरबंद, पायात पेटंट लेदरचे बूट, आणि टाय म्हणायचं ते गळ्याशी बांधलेल्या काळ्या बोला.

"आणि लांब काळा टाय?" मी विचारलं.

"तो इथे मयताला लावून जातात, बाबा."

कुरियरवाला तोवर कसारा घाट चढत होता.

त्या दिवसापासून लेकीने "बाबा, तुम्ही फक्त या" हे पालुपद धरलं. आता ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नांत पाण्याच्या टँकरपासून नवरदेवाच्या बुटांपर्यंत सगळं सांभाळलं, त्याला स्वतःच्या मुलीच्या लग्नात फक्त या? मी रुसलो. मुलीकडच्यांनी रुसायचं नसतं हा नियम आजवर मीच सगळ्यांना सांगत आलोय, तरी रुसलो. शेवटी माझी समजूत काढायला म्हणून तिने तीन कामं दिली: आपल्याकडच्या पाहुण्यांची उत्तरं गोळा करायची, त्यांच्या कपड्यांचं बघायचं, आणि जेवणाआधी दोन मिनिटं बोलायचं. बाकीचं सगळं बघायला व्याह्यांनी पगार देऊन एक बाई नेमल्या होत्या. त्यांना वेडिंग प्लॅनर म्हणतात. म्हणजे मी जे फुकट करतो ते.

उत्तरांचं काम मला सोपं वाटलं. निमंत्रणाच्या पाकिटात आणखी एक छोटं पाकीट होतं, त्याच्यात एक कार्ड. कार्डावर येणार की नाही त्याच्या चौकटी, जेवणात मासा, कोंबडी की शाकाहारी त्याच्या चौकटी, आणि सगळ्यांच्या वर एक लांब रेघ, जिच्या सुरुवातीला नुसतं 'एम' हे अक्षर छापलेलं. या एमवरून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. मी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, उजेडात धरून बघितलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोशाख भाड्याने मिळणार, तेव्हा माप विचारणारच. एम म्हणजे मीडियम! "एम होत नसेल तर खोडा आणि पुढे आपलं माप लिहा," असं मी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं. अमेरिकेत मिस्टर, मिसेस, मिस सगळंच एमने सुरू होतं म्हणून तेवढं अक्षर आधीच छापून ठेवतात आणि पुढे पाहुण्याने आपलं नाव भरायचं असतं, हे मला प्लॅनरबाईंचा लेकीला आणि लेकीचा मला फोन आल्यावर कळलं. त्या बाईंकडे आमच्या घराण्याची जी उत्तरं पोचली त्यांत एकाचंही नाव नव्हतं. एक 'एल' होता, दोन 'एक्सेल' होते, बडोद्याचे काका 'डबल एक्सेल, पोटाशी सैल' होते, आणि नाशिकच्या आत्याने जेवणाच्या चौकटीवर फुली न मारता शेजारी लिहिलं होतं, 'त्या दिवशी चतुर्थी आहे का ते उलट टपाली कळवणे.'

आपल्याकडे पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' एवढं छापलं की मोजणी देवावर सोडता येते. तिकडे पाकिटावर ज्याचं नाव त्यालाच खुर्ची, आणि त्या खुर्चीसमोर त्याच्या नावाचं कार्ड. गोल टेबलाला दहा म्हणजे दहाच, अकरावा आला तर तो कुठे बसणार हा प्रश्न तिथे कुणाला पडलेलाच नाही. मी सवयीने सांगलीच्या चुलतभावाला "या रे सगळे" म्हणून बसलो होतो आणि सगळे व्हिसाच्या तारखा मिळवायच्या मागे लागले होते. शेवटी व्हिसा त्याच्या एकट्याच्याच हातात पडला म्हणून निभावलं. पण त्याआधी मी प्लॅनरबाईंना फोनवर, "पंगतीत थोडं सरकून घेऊ, काय होतंय," असं माझ्या इंग्रजीत समजावलं होतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी लेकीला म्हटलं, बाई शांत आहेत हो स्वभावाने.

"त्याला इथे संताप म्हणतात," लेक म्हणाली.

मग कपडे. संक्रांत सोडली तर आपल्याकडे शुभकार्यात काळं चालत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार, पण मी सगळ्या बायकांना सांगून बसलो होतो की तिकडचा नियमच काळ्याचा आहे. हिने एक दिवस अबोला धरला. "मंगळसूत्रात काळे मणी चालतात ना?" असा बिनतोड मुद्दा मी मांडला, त्यावर तिने अबोला आणखी वाढवला. आत्याने विचारलं, काळं नेसायचं तर हलव्याचे दागिनेही करायचे का, म्हणजे आतापासून हलवा करायला घ्यायला बरा. अखेर कुरकुरत का होईना सगळ्या चंद्रकळा निघाल्या, नव्या घेतल्या गेल्या, ब्लाउज शिवून झाले, बॅगा भरून झाल्या. आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर लेकीकडून कळलं की काळ्याची सक्ती पुरुषांना असते. बायकांनी पायघोळ काहीही नेसावं, रंग कुठलाही, फक्त नवरीचा पांढरा सोडून. पैठणीला तर त्यांच्याकडे फार मान आहे.

हिची पैठणी ठाण्याला कपाटात होती.

हा उपद्व्याप मुळात कुणी सुरू केला, हे शोधून काढल्याशिवाय मला झोप येईना. हवापालटाने झोप उडालेलीच होती, त्यामुळे वाचायला रात्र मोकळी होती. तर तो माणूस निघाला आपल्या ओळखीचा. मुंबईत ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडलं, त्या घोड्यावर बसलेला तो इंग्लंडचा राजपुत्र, पुढे राजा सातवा एडवर्ड झालेला. 1875 साली तो मुंबईला येऊन गेला त्याची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससूनने तो पुतळा शहराला दिला. 1965 साली तो तिथून उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. लहानपणी माकडं बघून झाली की आम्ही भावंडं त्या घोड्यापाशी बसून चणे खात असू. वर बसलेला गृहस्थ उतारवयात आपल्याला असा गाठेल, ही शंका कुणाला येणार? तर या राजपुत्राला रोज जेवणाला शेपट्यांचा लांब कोट घालून बसायचा कंटाळा आला म्हणून 1865 साली त्याने लंडनच्या सॅव्हिल रोवर हेन्री पूलच्या दुकानात एक बिनशेपटीचा आखूड कोट शिवून घेतला. घरच्या घरी, अघळपघळ बसायला. आपला लेंगा-बंडीच म्हणा ना. पुढे ती बंडी समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचली, तिथे न्यूयॉर्कजवळ लोरिलार्ड नावाच्या तंबाखूवाल्याने 1886 साली श्रीमंतांसाठी टक्सीडो पार्क नावाचा क्लब आणि वसाहत काढली होती, तिथल्या मंडळींनी ती अंगात चढवली आणि अमेरिकेने त्या कोटाला टक्सीडो हेच नाव दिलं. आमचं लग्न त्याच भागात, तिथून गाडीने जवळच होतं. ज्या कपड्याने राजपुत्राची ताठ बसण्यातून सुटका झाली, तो घालून मला ताठ उभं राहायचं होतं.

पण एक गोष्ट मला पटली. हा पोशाख संध्याकाळी सहाच्या आधी घालायचा नाही असा दंडक आहे. म्हणजे गोरज मुहूर्त! आदल्या दिवशी न्यू जर्सीतल्या देवळात अंतरपाट धरून, अक्षता टाकून आपल्या पद्धतीचं लग्न रीतसर लागलेलंच होतं, तिथे आलेल्या गुरुजींना मी हा शोध मोठ्या उत्साहाने सांगितला. त्यांनी दक्षिणेचं पाकीट खिशात घातलं आणि पार्किंगचं मीटर संपत आल्याचं सांगितलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी हॉटेलच्या खोलीत भाड्याचा पोशाख खोक्यातून निघाला. शर्ट बघतो तर काय, छातीवर चार जागी दोन्ही बाजूंना नुसती काजं, बटणाचा पत्ता नाही. एवढं भाडं घेऊन असला माल! पण परक्या देशात, मंगल दिवशी, कशाला तंटा. हॉटेलात सुईदोऱ्याचं एक पाकीट ठेवलेलं असतं, त्यातली पांढरी बटणं हिने चष्मा लावून, तोंडाने पुटपुटत, एका बाजूच्या काजांवर घट्ट टाचून दिली. खोक्यात एक मखमली डबीही होती. तिच्यात सोनेरी कोंदणात बसवलेले काळे गोल खडे, चार लहान, दोन मोठे. माझ्या लगेच ध्यानात आलं. "अगं, विहीणबाईंनी मानाचं कानातलं पाठवलंय," मी म्हणालो. हिचा चेहरा जरा उजळला, लंडन झालं पॅरिस झालं पण मानपान शेवटी मानपानच. तिने आरशासमोर बसून एक खडा कानाला लावायचा बराच प्रयत्न केला. "फिरकी कसली मेली ही," ती म्हणाली, "आणि सहा कशाला? मला दोनच कान आहेत." तेवढ्यात जावई आम्हाला न्यायला आला. शर्टाच्या काजांत अडकवायची बटणं सासूबाईंच्या हातात आणि बाहीची कानाशी, सासऱ्याच्या छातीवर हॉटेलची चार पांढरी बटणं. मोठा गुणी मुलगा आहे. तो काहीच बोलला नाही.

त्याने फक्त कात्री मागितली.

बो मात्र खरा, हाताने बांधायचा होता. तयार बांधलेला, मागे हूक असलेला मिळतो, पण व्याही स्वतः बांधतात हे कळल्यावर मी हट्टाने तोच मागवला होता. मोबाइलवर एक इंग्रज तो कसा बांधायचा ते दाखवत होता, त्याचं डावं माझं उजवं होत होतं, आणि मी जे बांधत होतो ते दर खेपेला सुटत तरी होतं किंवा सुटतच नव्हतं. शेवटी हिने मला पलंगावर बसवलं, समोर उभी राहिली आणि परकराच्या नाडीची गाठ मारतात तशी एका झटक्यात मारून टाकली. संध्याकाळी व्याह्यांनी ती निरखून बघितली आणि असा बो आजकाल बघायला मिळत नाही म्हणाले. मी थँक्यू म्हणालो. कुठल्या शाळेची गाठ, ते सांगायची गरज नव्हती.

कमरबंदाला आडव्या चुण्या असतात. इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानच्या उकाड्यात वास्कोटाऐवजी हा आपला कमरबंद उचलला, हे मी जावयाला गाडीत ऐकवलं, आणि त्या चुण्यांत पूर्वी म्हणे नाटकाची तिकिटं ठेवत, हे त्याने मला ऐकवलं. मी लगेच माझ्या भाषणाचा कागद तिथे सरकवला. चुण्यांची तोंडं वर हवीत, खाली नकोत, हे त्यानेही सांगितलं नाही आणि मलाही कोटाच्या आत बघायचं सुचलं नाही.

हॉल बघून मात्र छाती दडपली. मेणबत्त्या, पांढरी फुलं, काळ्या पोशाखातले उंच उंच पुरुष, आणि बायका हिरव्या, लाल, सोनेरी, जांभळ्या. त्यांच्यामध्ये काळ्या चंद्रकळांत आमच्या पाचजणी. प्रत्येक मडम येऊन त्यांचं कौतुक करून जात होती. हिने माझ्याकडे बघितलं नाही. सांगलीचा चुलतभाऊ मी पाठवलेला टाय लावून आला होता. हळदीकुंकू लावलेलं पाकीट, त्याला नाही कसं म्हणायचं, असं त्याचं म्हणणं. त्याला दारातच एकाने रिकामा ग्लास दिला. मग मी वाढप्यांकडे नीट बघितलं. सगळ्यांच्या गळ्यात लांब, काळे, चकचकीत टाय. अगदी माझ्या दादरच्या गठ्ठ्यातले असावेत असे. बिचारा पुढचा तासभर पाणी आणून देत होता.

आता भाषण. मी उभा राहिलो, पण लोकांच्या गप्पा थांबेनात. आमच्या युनियनच्या सभेत अशा वेळी टेबलावर पेपरवेट आपटायचा रिवाज होता, इथे पेपरवेट नव्हता म्हणून मी ग्लासवर चमचा वाजवला. किण किण किण. शांतता पसरायच्या ऐवजी सगळ्या टेबलांवरच्या लोकांनी चमचे उचलले आणि आपापले ग्लास वाजवायला घेतले. पुढे नवरानवरी उठली आणि त्यांनी एकमेकांचं चुंबन घेतलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, माझ्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं नाही. मी आणखी जोरात वाजवलं. पुन्हा सगळे ग्लास, पुन्हा चुंबन, पुन्हा टाळ्या. आत्याने नातवाच्या डोळ्यांवर हात ठेवला, बडोद्याचे काका छताचं झुंबर बघायला लागले, हिने पदर तोंडाला लावला, आणि हे काय चाललंय ते थांबावं म्हणून मी जीव खाऊन चमचा बडवत राहिलो. शेवटी व्याही शेजारी आले, त्यांनी माझं मनगट प्रेमाने धरलं आणि कानात सांगितलं, की ग्लास वाजला म्हणजे जोडप्याने चुंबन घ्यायचं अशी इथली चाल आहे.

पोटच्या मुलीला, चमच्याने, मी.

कागदासाठी कमरेशी हात घातला, तर कागद चुण्यांतून केव्हाच खाली पँटच्या आत गेला होता आणि गुडघ्याच्या आसपास टोचत होता. तिथे हात घालणं कुठल्याच पोशाखात बसत नाही. मग जी दोन वाक्यं आठवली ती बोललो आणि पुढे गाडी आपसूक माझ्या रुळावर आली: आभारप्रदर्शन. नवरानवरी, व्याही, विहीण राहिले बाजूला. मी स्वयंपाकघरातल्या मंडळींचे, वाढणाऱ्यांचे, दिवे लावणाऱ्यांचे, गाड्या लावणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे मनापासून आभार मानले आणि खाली बसलो. सगळ्यात मोठ्या टाळ्या भिंतीकडून आल्या. तिथे वाढपी उभे होते.

त्यानंतर गोड आलं. बोटभर केक, चिमूटभर पेस्ट्री, तबकांत मांडून. वाढपी यायचे, तबक पुढे करायचे, पाहुणा मान हलवायचा की पुढे निघून जायचे. एकदाच! ना "घ्या हो", ना "असं कसं", ना "माझ्यासाठी एक". घरच्या मुलीचं लग्न, आणि लोक नाही म्हणतात आणि त्यांचं ऐकलं जातं, हे मला बघवेना. मी उठलो. भाषणामुळे वाढप्यांशी ओळख झालेलीच होती, त्यातल्या एकाच्या हातून तबक घेतलं आणि पंगतीत शिरलो. "एक तरी!" म्हणत व्याह्यांच्या मावशीच्या बशीत दोन ठेवले, त्यांनी हात आडवा धरला तर हाताच्या बाजूने तिसरा सरकवला; शेजारचे काका डायबेटिसचं काहीतरी बोलत होते, त्यांना म्हटलं लग्नाचं लागत नाही. सांगलीकर दुसरं तबक घेऊन पलीकडच्या रांगेत होताच. अर्ध्या तासात सगळी तबकं रिकामी झाली आणि हॉलमध्ये पहिल्यांदाच घरचं कार्य असल्याचं वाटायला लागलं. प्लॅनरबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. शांत.

रात्री खोलीवर ही आहेराची पाकिटं आणि वही घेऊन बसली होती. पोशाख सकाळी परत द्यायचा म्हणून मी त्याचे खिसे उलटे करत होतो, त्यात दहा डॉलरची नोट निघाली. मग आठवलं, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिसऱ्या पेस्ट्रीनंतर माझ्या वरच्या खिशात काहीतरी सरकवून खांद्यावर थाप मारली होती. मी नोट हिच्यासमोर ठेवली आणि झाला प्रकार सांगितला. तिने ती उलटून बघितली, उजेडात धरली, आणि वहीत लिहायला पेन उघडलं.

"दहाच?" ती म्हणाली. "वरचा एक?"